बालसंधिवाताची संघटना : सभासद व्हावे की नाही?

मुलांमधील संधिवाती आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटनांविषयी आलेल्या पत्रांतून चार प्रश्न या वेळी निवडले आहेत. त्यांपैकी दोन डॉक्टरांचे आहेत, एक फिजिओथेरपिस्टचा आणि एक आईचा. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण उरलेल्या उत्तरांचे मूळ बरेचसे त्यातच आहे.

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ आहे. सांध्यांची सूज, आठवडेच्या आठवडे टिकणारा ताप, ल्युपससारखे आजार असलेली काही मुले माझ्याकडे नियमित येतात. संधिवातशास्त्राचे स्वतंत्र प्रशिक्षण मात्र मी घेतलेले नाही. बालसंधिवातावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेत जावे असे मनात आहे. परंतु मी पात्र ठरेन का, कोणत्या संघटनेत जावे आणि त्याचा प्रत्यक्ष उपयोग काय, हे समजत नाही.

उत्तर : पात्रतेचा मुद्दा सोपा आहे, म्हणून तो मागाहून घेतो. आधी उपयोगाचे पाहू, कारण तो नीट उमगल्याशिवाय घेतलेले सभासदत्व बहुधा भिंतीवरच्या चौकटीपुरतेच उरते.

या शाखेत सर्वांत अधिक आढळणारा दीर्घकालीन आजार म्हणजे जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, अर्थात वयाच्या १६ वर्षांआधी सुरू झालेला, किमान ६ आठवडे टिकलेला आणि दुसरे कोणतेही कारण न सापडलेला सांध्यांचा दाह. तो साधारणपणे १००० मुलांमागे एकाला होतो असे धरले जाते. हा आकडा ऐकायला फार लहान वाटत नाही. पण आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार या एका नावाखाली सात प्रकार येतात. तीन-चार वर्षांच्या मुलीचा एकच गुडघा सुजणे हा त्यांतला एक प्रकार, आणि रोज चढणारा ताप, त्याबरोबर उमटून विरणारे फिकट गुलाबी पुरळ व सुजलेले सांधे हा दुसरा. दोघांचे आडनाव एक असले तरी त्यांचा स्वभाव, त्यांतले धोके आणि औषधे अगदी वेगळी आहेत. ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस या त्वचा व स्नायूंच्या आजाराचे तर वर्षाला १० लाख मुलांमागे दोन ते चारच नवे रुग्ण आढळतात. म्हणजे एखाद्या डॉक्टरने उभी हयात प्रामाणिकपणे काम केले तरी यांतल्या काही आजारांची मुले त्याच्या हाताखालून बोटांवर मोजण्याइतकीच जातील, आणि तेवढ्या अनुभवावर औषधांची तुलना करता येत नाही.

जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये लंडनमधील २२ मुलांच्या सांधेविकाराचे जे वर्णन केले, ते आजही वाचण्याजोगे आहे. आजाराचे चित्र रेखाटणे एका बारीक नजरेच्या माणसाला जमते. मात्र दोन औषधांपैकी कोणते बरे, हे ठरवायला गणती लागते आणि गणतीसाठी माणसे जमवावी लागतात. अमेरिकेत १९७३ मध्ये पेडिॲट्रिक ऱ्हुमॅटॉलॉजी कोलॅबोरेटिव्ह स्टडी ग्रुप स्थापन झाला तो याच गरजेतून. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा कमी मात्रेत दिल्यास मुलांच्या संधिवातात गुण येतो, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचणीने दाखवले तिच्यात १२७ मुले होती, आणि तेवढी मुले मिळवण्यासाठी अमेरिका व तत्कालीन सोव्हिएत संघ येथील डॉक्टरांना हातात हात घालावा लागला होता. त्या काळातले राजकारण आठवले म्हणजे हे सहकार्य किती दुर्मीळ होते ते कळते.

युरोपात अल्बेर्तो मार्टिनी आणि निकोलिनो रुपेर्तो यांनी १९९६ मध्ये प्रिंटो या नावाने ओळखले जाणारे आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे जाळे उभे केले. त्याचे कार्यालय इटलीतील जेनोआ येथे आहे. डर्मॅटोमायोसायटिसच्या नव्या रुग्णाला नुसते प्रेडनिसोन हे स्टेरॉइड द्यावे, की सुरुवातीपासूनच त्याच्या जोडीला मेथोट्रेक्झेट किंवा सायक्लोस्पोरिन द्यावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी या जाळ्याला २२ देशांतील ५४ केंद्रे कामाला लावावी लागली आणि तरी जमलेली मुले होती १३९. जोड देण्याच्या दोन्ही पद्धती नुसत्या प्रेडनिसोनपेक्षा सरस ठरल्या, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने मेथोट्रेक्झेटचे पारडे जड निघाले. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आपण चिठ्ठीवर प्रेडनिसोन आणि मेथोट्रेक्झेट एकत्र लिहितो तेव्हा त्यामागे प्रत्येक केंद्रातून आलेली सरासरी तीनही मुले नाहीत. संघटनेचा खरा उपयोग कोणी विचारला की मी हाच हिशेब मांडतो.

संशोधनाइतकाच महत्त्वाचा, पण कमी बोलला जाणारा उपयोग म्हणजे आपली चूक वेळेवर दाखवणारी माणसे मिळणे. सभासद झाल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत मी एका मुलाची हकिगत मोठ्या आत्मविश्वासाने मांडली होती : दोन सांधे सुजलेले, बारीक ताप, रक्तातील दाहाचे निर्देशक वाढलेले, निदान संधिवात, आणि स्टेरॉइड सुरू करण्याचा बेत. मागच्या रांगेतून एका ज्येष्ठ व्यवसायभगिनीने शांतपणे दोनच गोष्टी विचारल्या. मूल रात्री दुखण्याने जागे होते का? आणि सांध्याची सूज पाहता दुखणे फारच जास्त वाटते का? दोन्हींचे उत्तर 'हो' असे होते. दाह एवढा असताना प्लेटलेट्स वाढलेल्या असायला हव्या होत्या, त्या उलट खालच्या बाजूला होत्या, आणि मी त्याकडे काणाडोळा केला होता. अस्थिमज्जेच्या तपासणीत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, निघाला. तपासणीआधी स्टेरॉइड दिले असते तर काही काळ सगळे सुधारल्यासारखे दिसले असते, निदान झाकले गेले असते आणि पुढचा उपचार अवघड होऊन बसला असता. हे सारे पुस्तकात छापलेले आहे आणि मी ते वाचलेलेही होते. तरीही त्या दिवशी ते मला दुसऱ्या कोणी तरी विचारावे लागले.

आता कोणती संघटना, याविषयी. येथे तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली व्यावसायिक संघटना, जिचे काम शिक्षण, अधिवेशने, उपचारांच्या शिफारशी आणि तरुणांना मार्गदर्शन हे असते. पेडिॲट्रिक ऱ्हुमॅटॉलॉजी युरोपियन सोसायटी, जिला सगळे 'प्रेस' म्हणतात, ती या प्रकारची. दुसरी गोष्ट संशोधनाचे जाळे. वर सांगितलेले प्रिंटो आणि उत्तर अमेरिकेतील कारा ही त्याची उदाहरणे. तिथे तुमच्या नावापेक्षा तुमच्या केंद्रातील नोंदी किती नेटक्या आहेत, रुग्णांचा पाठपुरावा किती सातत्याने होतो आणि नीतिसमितीची व्यवस्था आहे का, याला अधिक वजन असते. तिसरी म्हणजे मोठ्यांच्या संधिवातशास्त्राच्या किंवा बालरोगतज्ज्ञांच्या सर्वसाधारण संघटनेतील मुलांसाठीचा विभाग. संधिवातशास्त्रातील यूलर या युरोपीय संघटनेचे नाव आपण सतत ऐकतो. पण ती मुळात देशोदेशींच्या संघटनांची संघटना आहे, त्यामुळे तिथे व्यक्तीचा मार्ग सहसा आपापल्या देशातील संस्थेतून जातो. तुमच्या स्थितीत मी आधी स्वतःच्या देशातील संघटना किंवा विभाग निवडेन, कारण अडलेल्या रुग्णासाठी रात्री फोन करता येईल अशी माणसे तिथे भेटतात आणि कोणते औषध प्रत्यक्षात मिळते हे त्यांना ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय संघटना त्यानंतर, एखाद्या विशिष्ट आजारात रस निर्माण झाला की.

राहिला पात्रतेचा मुद्दा. बहुतेक संघटनांत पूर्ण सभासद, प्रशिक्षणार्थी सभासद आणि सहयोगी सभासद असे वर्ग असतात. पूर्ण सभासदाला मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क असतो, सहयोग्याला तो बहुधा नसतो. वैद्यकीय नोंदणीचा दाखला, शिक्षण व कामाचा तपशील आणि अनेक ठिकाणी एक-दोन विद्यमान सभासदांची शिफारस मागतात. तुमच्यासारख्यांसाठी दार बंद नसते. बालसंधिवाताचे विशेष प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर मुळातच इतके थोडे आहेत की, या मुलांना प्रत्यक्ष सांभाळणारे सामान्य बालरोगतज्ज्ञ आणि मोठ्यांचे संधिवाततज्ज्ञ यांना वगळून कोणतीही संघटना चालणार नाही. अर्जात मात्र विशेष प्रशिक्षणाच्या रकान्यात दोन दिवसांची कार्यशाळा फुगवून लिहू नका. 'प्रशिक्षण नाही, अमुक इतकी मुले पाहतो, शिकायचे आहे' असे सरळ लिहिलेला अर्ज मला स्वतःला अधिक आवडतो, आणि शिफारस करणाऱ्यालाही त्यावर सही करताना संकोच वाटत नाही.

शिफारशीसाठी अनोळखी पदाधिकाऱ्याला पत्र पाठवण्यापेक्षा, ज्यांच्याकडे तुम्ही पूर्वी रुग्ण पाठवले आहेत त्यांना विचारा. तुमची पत्रे, तुमच्या तपासणीतला नेटकेपणा त्यांनी पाहिलेला असतो.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सांधे आखडलेल्या अनेक मुलांवर काम करते. या संघटना केवळ डॉक्टरांसाठीच असतात का?

उत्तर : नाही, आणि असूही नयेत. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीचा, परिचारिका, थेरपिस्ट, औषधनिर्माते अशा सहकाऱ्यांसाठी असोसिएशन ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी प्रोफेशनल्स नावाचा वेगळा विभागच आहे, आणि यूलरमध्येही आरोग्य-व्यावसायिकांना स्वतंत्र स्थान आहे. लहान संघटनांत तुम्हाला सहयोगी सभासद म्हणून घेतील. अर्ज करण्यापूर्वी नियमावलीत एवढेच पाहा की, तुम्हाला अधिवेशनात निबंध वाचता येतो का आणि कार्यगटात बसता येते का. हे दोन्ही नसेल तर ते सभासदत्व श्रोत्याचे झाले. एका गुडघ्याला दाह असलेल्या लहान मुलाचा तोच पाय वाढीच्या जोमाने दुसऱ्यापेक्षा लांब होतो, हे पुष्कळदा डॉक्टरच्या आधी फिजिओथेरपिस्टच्या मोजपट्टीला कळते. तेव्हा तुमची जागा श्रोत्यांत नाही.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलीला गुडघ्याचा संधिवात आहे. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नावापुढे एका आंतरराष्ट्रीय संघटनेचे सभासदत्व लिहिलेले आहे. दुसरे एक डॉक्टर अधिक अनुभवी म्हणून सुचवले गेले, पण ते कोणत्याही संघटनेचे सभासद दिसत नाहीत. आम्ही कोणाकडे जावे?

उत्तर : सभासदत्व ही पदवी नव्हे. पदवी परीक्षेने मिळते. सभासदत्व बहुतेक ठिकाणी अर्ज, शिफारस आणि वर्गणी यांनी मिळते. डॉक्टर आपल्या विषयातल्या माणसांच्या संगतीत राहू इच्छितात एवढे त्यावरून समजते, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांचा हात किती सरावलेला आहे ते त्यावरून कळत नाही. तेव्हा पाटी बाजूला ठेवून दोघांनाही काही प्रश्न विचारा, आणि विचारताना अवघडून जाऊ नका.

पहिला प्रश्न डोळ्यांविषयी असावा. तुमच्या मुलीच्या वयात आणि एकदोन सांध्यांच्या संधिवातात डोळ्याच्या आत युव्हायटिस नावाचा दाह होण्याचा धोका असतो, विशेषतः एएनए ही रक्ततपासणी सकारात्मक असेल तर. तो दाह कपटी असतो : डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि लक्षात येईपर्यंत दृष्टीचे नुकसान झालेले असू शकते. म्हणून जोखीम अधिक असलेल्या मुलांचे डोळे, त्रास असो वा नसो, पहिली चार वर्षे दर तीन महिन्यांनी नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट-लॅम्प या उपकरणाखाली तपासून घ्यावे लागतात. गुडघा पूर्ण बरा झाला तरी ही तपासणी थांबवायची नसते. ज्या डॉक्टरांनी तुम्ही न विचारता पहिल्या भेटीतच तुम्हाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले असेल, त्यांच्या बाजूने माझे मत आधीच झुकलेले आहे.

त्यानंतर विचारावे की, अशी किती मुले त्यांच्याकडे सध्या उपचार घेत आहेत आणि एखादा रुग्ण अडला तर ते कोणाशी सल्लामसलत करतात. या दुसऱ्या प्रश्नाला 'मला गरज पडत नाही' असे उत्तर आले तर सावध व्हावे, मग ते कितीही संघटनांचे सभासद असोत. मेथोट्रेक्झेटची वेळ आली तर ते आठवड्यातून एकदाच द्यायचे असते, रोज नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगणारा आणि रक्ततपासण्यांचे वेळापत्रक लिहून देणारा डॉक्टर हवा. दोन्ही डॉक्टर या कसोटीला उतरले, तर जिथे तुमची मुलगी तपासून घ्यायला कमी घाबरते तिथे जा.

जाता जाता एक खुलासा, कारण तुमच्या पत्रात 'हृदयाला धोका आहे का' असेही विचारले आहे. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर येणारा ऱ्हुमॅटिक फीवर हृदयाच्या झडपांना इजा करतो. त्याचे नाव तुमच्या मुलीच्या आजाराशी जुळत असले तरी तो आजार निराळा आहे. तिचा संधिवात हृदयाच्या झडपांवर जात नाही. नावांच्या या साम्याने आजवर किती पालकांची झोप उडवली असेल त्याची गणना नाही. पालकांसाठी समजेल अशा भाषेतली, या आजारांची निरनिराळ्या भाषांतील माहिती प्रिंटो आणि प्रेस यांनी मिळून तयार केली आहे आणि ती कोणालाही विनामूल्य वाचता येते. त्यासाठी कोणाच्याच सभासदत्वाची गरज नाही.

प्रश्न : मी तीन वर्षे अशा एका संघटनेचा सभासद आहे. नियतकालिक वाचायला वेळ होत नाही, आणि एका अधिवेशनाला गेलो तर सभागृहापेक्षा औषध कंपन्यांच्या दालनांत गर्दी अधिक दिसली. सभासदत्वाचे नूतनीकरण करावे का?

उत्तर : नियतकालिकासाठी वर्गणी भरत असाल तर भरू नका. या विषयाला वाहिलेले पेडिॲट्रिक ऱ्हुमॅटॉलॉजी हे नियतकालिक २००७ पासून सर्वांसाठी मुक्तच आहे, आणि संघटनांच्या उपचारविषयक शिफारशीही बहुधा खुल्या असतात. न वाचलेल्या अंकांची खंत सभासद होऊन कमी होत नाही, हे मी स्वतःच्या टेबलाकडे पाहून सांगतो.

औषध कंपन्यांविषयीची तुमची अस्वस्थता रास्त आहे, पण तिचा उपाय संघटना सोडणे हा आहे असे मला वाटत नाही. पूर्वी बरीच नवी औषधे मोठ्यांवर तपासली जात आणि मुलांना अंदाजाने दिली जात. अमेरिकेत २००३ च्या आणि युरोपीय संघात २००७ पासून लागू झालेल्या कायद्यांनी अनेक नव्या औषधांची मुलांमध्येही तपासणी करणे कंपन्यांवर बंधनकारक केले. तेव्हापासून कंपन्यांना या मुलांपर्यंत पोहोचवणारी जाळी हवी असतात आणि जाळ्यांना चाचण्यांसाठी औषध व पैसा हवा असतो. ही गाठ सुटणारी नाही. ती उघड्यावर असावी एवढाच आग्रह धरता येतो. तुमच्या संघटनेच्या वार्षिक हिशेबात प्रायोजकांकडून किती रक्कम आली हे वेगळे दाखवले जाते का? शिफारशी लिहिणाऱ्या समितीतील प्रत्येकाचे हितसंबंध छापले जातात का? ज्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत तो त्या औषधावरच्या मतदानात भाग घेतो का? हे प्रश्न वार्षिक सभेत विचारण्याचा हक्क सभासदालाच असतो, बाहेरच्याला नाही. आणि माझ्या अनुभवात ते विचारणारे एका हाताच्या बोटांपलीकडे गेलेले नाहीत.

आता तीन वर्षांत काही मिळाले नाही याविषयी. संघटनेचे जिवंत काम अधिवेशनाच्या सभागृहात क्वचितच होते. ते कार्यगटांत होते. ताप, सांधे आणि पुरळ असलेल्या संधिवातात मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम ही जिवावर बेतणारी गुंतागुंत ओळखण्यासाठी जे वर्गीकरणाचे निकष २०१६ मध्ये जाहीर झाले, ते अशाच गटांतल्या डॉक्टरांनी आपापल्या कपाटांतले शेकडो रुग्णांचे तपशील एकत्र करून, एकेका रुग्णावर मते नोंदवून ठरवले. ताप असलेल्या अशा मुलाच्या रक्तातील फेरिटिन हे प्रथिन मिलिलिटरमागे ६८४ नॅनोग्रॅमच्या वर गेले असेल आणि प्लेटलेट्स, यकृताचे एएसटी, ट्रायग्लिसराइड व फायब्रिनोजेन यांपैकी किमान दोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेली असतील तर सावध व्हा, असे आज आपण प्रशिक्षणार्थींना सांगतो. ते आकडे कोणा एकाच्या प्रतिभेतून आलेले नाहीत. तपशील पाठवणाऱ्यांत लहान केंद्रेही असतात, आणि दुर्मीळ आजारात दोन रुग्णांच्या पूर्ण नोंदी वीस अर्धवट नोंदींपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

एक सावधगिरी मात्र आवर्जून बाळगा. रुग्णाचे छायाचित्र किंवा तपशील चर्चेसाठी पाठवताना नाव, जन्मतारीख आणि चेहरा काढून टाका, आणि पालकांची लेखी संमती घ्या. दुर्मीळ आजाराच्या मुलाला नावाशिवायही ओळखता येते, कारण तसे मूल त्या परिसरात दुसरे नसते. म्हणून राहण्याचे ठिकाण लिहिण्याचेही टाळावे.

तेव्हा नूतनीकरणाची मुदत संपण्यापूर्वी एक करा. आपल्याकडे सर्वाधिक येणारा किंवा आपल्याला सर्वाधिक अडवणारा आजार कोणता ते ठरवा, त्या आजाराच्या कार्यगटाच्या समन्वयकाला चार ओळींचे पत्र लिहा, आणि त्यात आपल्याकडे किती मुलांच्या पूर्ण नोंदी आहेत एवढेच कळवा. उत्तर आले तर वर्गणी भरा. स्मरणपत्र पाठवूनही उत्तर आले नाही, तर त्या संघटनेला तुमची गरज नाही. आपल्या देशातील लहान संघटनेकडे वळा, तिथे बहुधा समन्वयक स्वतःच फोन उचलतो.